नवरा इंग्लंडात, भाडं पर्वरीत: टॅक्स कुठे भरायचा?

प्रश्न: माझे मिस्टर १० सप्टेंबर २०२५ ला कंपनीच्या दोन वर्षांच्या कामावर इंग्लंडला गेले. पगारातून तिथे टॅक्स कापतात. पर्वरीचा फ्लॅट आम्ही महिना ३० हजारांनी भाड्याने दिलाय. शिगम्याला ते तीन आठवडे घरी येणार आहेत. शेजारी म्हणतात, व्हिसाच दोन वर्षांचा म्हणजे ते एनआरआय होतच नाहीत. खरं का? आणि इथे परत टॅक्स भरायचा का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: ताई, शेजाऱ्यांना चहा जरूर द्या पण टॅक्स विचारू नका. व्हिसा किती वर्षांचा याच्याशी आयकर खात्याला काही देणंघेणं नाही, ते फक्त बघतात १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात माणूस भारतात किती दिवस होता. नोकरीसाठी बाहेर गेलेला भारतीय नागरिक त्या वर्षी इथे १८२ दिवस किंवा जास्त असला तर रेसिडेंट, कमी असला तर एनआरआय. मिस्टरांचे १० सप्टेंबरपर्यंत १६३ दिवस झालेत, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत त्यांच्या हातात उरले १८, आणि यायचा-जायचा दिवस पण त्यातच धरा, नंतर वाद नको. तीन आठवडे राहिले तर १६३ आणि २१, झाले १८४, गेला एनआरआय! पंधरा दिवसांत शिगमो बघून परत जाऊदे, नाहीतर एप्रिलमध्ये येऊदे.

१८ च्या आत राहिले तर इंग्लंडच्या पगारावर इथे टॅक्स नाही, तिथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे इथल्या टॅक्समधून वजावट, मागायचा प्रश्नच नाही. इथला एप्रिल ते सप्टेंबरचा पगार आणि भाडं मात्र रिटर्नमध्ये येणारच.

जास्त राहिले तर सगळ्या जगातलं उत्पन्न इथे दाखवायचं. दोनदा भरायचं नाही हो, दोन्ही देशांत करार आहे, तिथे भरलेल्या टॅक्सचं इथे क्रेडिट मिळतं, पण त्याच पगारावर इथे जेवढा टॅक्स बसतो तेवढंच, तिथे जास्त कापला असेल तर वरचा फरक कोणी परत देत नाही. त्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरायचा, मुदत ३१ मार्च २०२७ आहे पण रिटर्नच्या आधीच भरून टाका. पे-स्लिपा आणि कंपनी मे अखेरपर्यंत देते तो पी-६०, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, जपून ठेवा. पे-स्लिपमध्ये नॅशनल इन्शुरन्स म्हणून जे कापतात तो इन्कम टॅक्स नव्हे, त्याचं क्रेडिट मिळत नाही, इथे खूप लोक फसतात. तिथलं बँक खातंही रिटर्नमधल्या शेड्यूल एफए मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, लिहायचं, विसरलात तर दंड मोठा.

आता भाडं. तुमचं लग्न गोव्यात झालेलं आणि वेगळा करार केलेला नसेल तर पोर्तुगीज सिव्हिल कोडप्रमाणे मालमत्ता दोघांची, आणि आयकर कायद्याचं कलम ५ए सांगतं की पगार सोडून बाकी उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं. म्हणजे १५ हजार त्यांच्या रिटर्नमध्ये, १५ हजार तुमच्या, फ्लॅट कोणाच्याही नावावर असूदे. पुण्या-मुंबईच्या सीएला हे बऱ्याचदा माहीतच नसतं, तुम्हीच सांगा. ते एनआरआय झाले की त्यांच्या भाड्यावर भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, त्याला आत्ताच कल्पना द्या, मग भांडण नको.

त्यांचा वाटा इंग्लंडलाही दाखवावा लागेल, तिथलं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. एप्रिल २०२५ पासून तिथे नवीन सवलत आहे, आधीची सलग दहा वर्षं तिथे रेसिडेंट नसलेल्या माणसाला पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्न माफ करून घेता येतं. ऐकायला छान, पण ती घेतली की १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा हातची जाते. एवढ्याशा भाड्यासाठी ती सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, माझ्या मते. इथे भाड्यावर टॅक्स लागला असेल तर तिथे त्याचं क्रेडिट मागा, इथे लागलाच नसेल तर अर्थात क्रेडिटही नाही.

प्रश्न: मुलगा तारवटी (बोटीवरचा खलाशी), परदेशी क्रूझवर आहे. पगार इथल्या एनआरई (एनआरआय लोकांच्या) खात्यात येतो, म्हणून टॅक्स लागतो असं एकाने सांगितलं.
— एक वाचक, मडगाव

उत्तर: मुलगा त्या वर्षी एनआरआय असेल तर नाही. परदेशात फिरणाऱ्या बोटीवर केलेल्या कामाचा पगार फक्त एनआरई खात्यात आला म्हणून इथे टॅक्स लागत नाही, सीबीडीटीचं, म्हणजे केंद्राच्या प्रत्यक्ष कर मंडळाचं, २०१७ चं सर्क्युलरच आहे तसं. दिवस मात्र नीट मोजा: बोट भारतातल्या बंदरातून परदेशी जाणारी असेल तर सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या) साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या, म्हणजे बोटीवर रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या, तारखा धरतात, विमानाने जाऊन परदेशात बोटीवर चढत असेल तर पासपोर्टवरचे शिक्के. काँट्रॅक्ट संपून घरी बसलेले महिनेसुद्धा भारतातलेच दिवस, तेच लोक विसरतात. आणि त्याचं इथलं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज वगैरे, वर्षाला १५ लाखांच्या वर असेल तर नियम वेगळे आणि कडक आहेत, तेव्हा सीडीसी आणि पासपोर्ट घेऊन थेट सीएकडे जा.