आपल्याच माणसाचे आभार कसले मानायचे?

लग्नाला नऊ वर्षं झालेलं एक जोडपं माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मोठं भांडण असं काही नव्हतं. "मी इतकं करते, याला दिसतच नाही," ती म्हणाली. तो दुखावला. "मॅडम, आपल्याच माणसाचे आभार कसले मानायचे? परकं वाटतं ते."

हे मी खूप जणांकडून ऐकते, आणि ते मनापासून बोलत असतात. हक्काच्या माणसाने केलेलं अंगवळणी पडतं, मग ते नजरेतूनच सुटतं.

मी दोघांना वेगवेगळे कागद दिले. घरकामातला तुमचा वाटा किती टक्के, ते लिहा. तिने ८० लिहिले, त्याने ५५. बेरीज १३५! खोटं कुणीच बोलत नव्हतं. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ च्या अभ्यासात जोडप्यांना असंच विचारलं होतं, तेव्हाही बहुतेक कामांत बेरीज १०० च्या वर गेली होती. स्वतः केलेलं पटकन आठवतं. दुसऱ्याचं पुष्कळदा आपल्या डोळ्यांसमोर घडतही नाही.

म्हणून 'थँक्यू म्हणत जा' असं मी सांगितलं नाही. रोज जोडीदाराची एक गोष्ट टिपून ठेवा, एवढंच सांगितलं. वाटणी अन्यायाची असेल तर ती बदलायलाच हवी, हेही आम्ही बोललो. आणि जिथे मारहाण किंवा सततचा अपमान आहे, तिथे हा उपाय मी सुचवतच नाही.

आठवड्याने त्याने वाचून दाखवलं, "आईच्या तपासणीची तारीख तिच्या लक्षात होती. माझी धावपळ वाचली." ती गप्पच राहिली. मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या संशोधनात दिसलं होतं, की 'माझा फायदा झाला' यापेक्षा समोरच्याचं कौतुक करणारे शब्द ऐकणाऱ्याला जास्त भिडतात. मी त्याला विचारलं, "यातून त्या कशा आहेत, ते काय कळलं?"

तो बराच वेळ थांबला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "माझ्या आईची काळजी तू न सांगता वाहतेस."

तिचे डोळे भरून आले. तिने आपली वही उघडली. दोनच नोंदी होत्या.

"मला अजून एक आठवडा द्या," ती म्हणाली.