वाचकांचे प्रश्न : मुलाचे अल्ब्युमिन एका रात्रीत कसे घटले?

प्रश्न : माझा चार वर्षांचा मुलगा सेप्सिसमुळे (जंतुसंसर्गातून शरीरभर उसळणाऱ्या गंभीर दाहामुळे) आठ दिवस अतिदक्षता विभागात होता. दुसऱ्याच दिवशी त्याचे अल्ब्युमिन २.१ आले आणि अंगावर सूज चढली. त्याच्या खाण्यापिण्यात माझ्याकडून हयगय झाली का? सलाइनऐवजी अल्ब्युमिनच दिले असते तर बरे झाले असते का?
— एक आई, सांगली

उत्तर : तुमच्याकडून हयगय झालेली नाही, हे आधी सांगतो. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन यकृतात तयार होते आणि रक्तातील त्याचे प्रमाण आपोआप निम्मे व्हायला सुमारे २० दिवस लागतात. त्यामुळे चार घास कमी गेले म्हणून ते एका रात्रीत एवढे खाली येत नाही. केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला शर्करा आणि प्रथिनांचे अतिशय नाजूक अस्तर असते, ज्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. सेप्सिसमधील दाहाने हे अस्तर झिजते, पेशींमधले सांधे सैल होतात आणि अल्ब्युमिन बाहेर झिरपते. रक्तातले पाणी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः त्याचेच असल्याने पाठोपाठ पाणीही जाते. म्हणूनच पायमोज्याचा वळ पायावर तसाच राहतो, पापण्या सुजतात, आणि तरीही बोटाचे टोक दाबून सोडले तर गुलाबी रंग परतायला तीन सेकंदांहून अधिक लागू शकतात, कारण बाहेर पाणी साचलेले असताना वाहिन्यांच्या आत मात्र रक्त अपुरे असते. शिवाय सलाइनमुळे उरलेले अल्ब्युमिनही विरळ होते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत, केनिया, युगांडा आणि टांझानियातील ३,१४१ आजारी मुलांवरील 'फीस्ट' चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ४८ तासांतील मृत्यूंचे प्रमाण भराभर अल्ब्युमिन दिलेल्या मुलांत १०.६ टक्के, सलाइन दिलेल्यांत १०.५ टक्के, तर असा मारा न केलेल्यांत ७.३ टक्के होते. तेथे व्हेंटिलेटरसह अतिदक्षतेची सोय नव्हती, त्यामुळे हे आकडे आपल्या सुसज्ज रुग्णालयांना जसेच्या तसे लावू नयेत. पण अल्ब्युमिन सलाइनपेक्षा सरस ठरले नाही, एवढे त्यातून दिसते. सेप्सिसवरील २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही मुलांना सुरुवातीला अल्ब्युमिनऐवजी सलाइनसारखी क्षारयुक्त द्रावणेच सुचवतात. माझ्या मते २.१ हा आकडा आजार किती गंभीर आहे ते सांगतो. बाटलीतून तो भरून काढला तरी वाहिनीचे अस्तर सांधले जात नाही. त्यासाठी वेळेवर प्रतिजैविके मिळून जंतुसंसर्ग आटोक्यात यावा लागतो. मग गळती थांबते, लघवी वाढते आणि सूज ओसरते.

आता त्याला घरचे नेहमीचे जेवण द्या. प्रथिनांच्या पावडरीची गरज नाही. मात्र सूज पुन्हा आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे लगेच न्या.