ज्येफांग ट्रकचा रोबो घ्यावा का? जुन्या चिनी वाहनांच्या रूपांतरित होणाऱ्या खेळण्यांविषयी

कामानिमित्त ग्वांगझूला गेलेल्या आपल्या मेहुण्यांनी जुन्या ज्येफांग ट्रकपासून रोबो होणारे एक हिरवे खेळणे पाहून त्याचे फोटो पाठवले आहेत. ते घ्यावे का, पुढे जुन्या चिनी वाहनांपुरताच संग्रह करता येईल का आणि ठाण्याच्या दमट हवेत तो टिकेल का, असे आपण विचारले आहे. माझ्याकडे अशी अकरा खेळणी आहेत आणि त्यांपैकी तीन मी माझ्याच चुकीने मोडलेली आहेत, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

माझे मत आधीच सांगतो. या प्रकारात रोबोपेक्षा गाडी महत्त्वाची असते. अमेरिकेच्या हास्ब्रो कंपनीने 1984 साली ट्रान्सफॉर्मर्स ही गाडीचा रोबो होणारी खेळणी बाजारात आणली, तेव्हा त्यांतील बहुतेक खेळणी जपानच्या टाकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या मालिकांतून आलेली होती, आणि त्यांत डॅटसन, लॅम्बोर्गिनी, लॅन्सिया, फोक्सवॅगन बीटल अशा गाड्या होत्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ट्रान्सफॉर्मर्सची कार्टून मालिका चीनमधल्या दूरचित्रवाणीवर आली. तेथील मुलांनी ती डोळे विस्फारून पाहिली, पण खिडकीतून बाहेर पाहिले तर रस्त्यावर मात्र ज्येफांग ट्रक, बीजिंगची जीप आणि शांघाय मोटार एवढेच दिसे. पडद्यावरचा रोबो आणि गल्लीतला ट्रक यांची जी सांगड तेव्हा कोणी घातली नाही, ती ही खेळणी आज घालतात. म्हणून ज्याला मूळ गाडी ठाऊक नाही, त्याला यांतले अर्धे मर्म कळतच नाही, आणि विक्रेता सांगेल ते खरे मानावे लागते.

जाता जाता नावाची एक गंमत सांगतो. ट्रान्सफॉर्मर्सना चिनी भाषेत ‘ब्येनशिंग जिनगांग’ म्हणतात. यातला ‘जिनगांग’ हा शब्द बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून रुजलेला असून तो आपल्या ‘वज्र’ शब्दाचा चिनी प्रतिशब्द आहे, म्हणजे ‘रूप पालटणारे वज्रवीर’ असा काहीसा त्याचा अर्थ होतो. त्यांचा नायक असलेल्या ऑप्टिमस प्राइम या रोबोचे चिनी नाव तर ‘आकाश तोलून धरणारा खांब’ असे आहे. मूळ इंग्रजी नावापेक्षा मला ते कितीतरी अधिक भारदस्त वाटते.

आता आपल्या ट्रककडे येऊ. ज्येफांग म्हणजे मुक्ती. छांगछुन येथील चीनच्या पहिल्या मोटार कारखान्यातून सीए 10 या नमुन्याचा पहिला ट्रक 13 जुलै 1956 रोजी बाहेर पडला. त्याचा आराखडा सोव्हिएत झिस 150 या ट्रकचा होता, इंजिन सहा सिलिंडरचे व सुमारे 90 अश्वशक्तीचे, आणि वहनक्षमता 4 टन. किरकोळ सुधारणा होत होत हे घराणे 1986 पर्यंत, म्हणजे तब्बल 30 वर्षे चालले आणि सुमारे 12 लाख 80 हजार ट्रक तयार झाले. फुगीर मडगार्ड, लांब नाक, मधोमध दुभागलेली समोरची काच, मागे लाकडी फळ्यांचा हौदा आणि नाकावर माओंच्या हस्ताक्षरातली ‘ज्येफांग’ ही अक्षरे, एवढ्या खुणा ध्यानात ठेवाव्यात. मेहुण्यांना नाकावरच्या त्या अक्षरांचा जवळून फोटो घ्यायला सांगा. ती कुंचल्याने लिहिल्यासारखी, जाड-बारीक फटकाऱ्यांची असली पाहिजेत. तेथे सरळ छापील टाइप असेल, तर साचा करणाऱ्याने मूळ ट्रक नीट पाहिलेला नाही, किंवा परवानगी नसल्यामुळे मुद्दाम फरक ठेवला आहे, असे समजावे.

विक्रेते आणखी एक कथा सांगतात, तिच्यावरही विसंबू नये. काही जण खोक्याबरोबर 1 फेनची (युआनच्या शंभराव्या भागाची) जुनी नोट देतात आणि तिच्यावरचा ट्रक हा ज्येफांगच असल्याचे सांगतात. त्या नोटेवर 1953 हे साल छापलेले आहे आणि पहिला ज्येफांग बाहेर पडला 1956 मध्ये, हे लक्षात घेतले की उलगडा होतो. नोट फार सुंदर आहे, अवश्य ठेवावी, पण तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

नाकवाल्या ट्रकचा रोबो करणे हे चपट्या तोंडाच्या ट्रकपेक्षा अवघड काम आहे. ऑप्टिमस प्राइमचा जुना ट्रक चपट्या तोंडाचा असल्यामुळे समोरची काच सरळ छाती होते आणि खालची जाळी पोट. ज्येफांगची काच लहान, दुभागलेली आणि मागे सरकलेली असते, पुढे हातभर बॉनेट येते आणि मागे नुसता पोकळ हौदा. त्यामुळे आराखडा करणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: बॉनेट उभे चिरून त्याचे पाय करायचे, किंवा ते अखंड ठेवून छातीवर घ्यायचे. पहिल्या वाटेने गेल्यास ट्रकच्या नाकावर मधोमध फट दिसते आणि अक्षरे दुभागतात. दुसऱ्या वाटेने गेल्यास रोबो पोट सुटल्यासारखा दिसतो. काही जण आत दडवलेली खोटी छाती बाहेर काढून ही अडचण टाळतात. संग्राहकांमध्ये तिला कमी लेखण्याची प्रथा आहे, मला मात्र या ट्रकच्या बाबतीत ती क्षम्य वाटते. खरी परीक्षा हौद्याची असते. त्याच्या फळ्या दुमडून पायांचा भाग झाल्या असतील तर आराखडा विचारपूर्वक केलेला आहे. संपूर्ण हौदा पाठीवर दप्तरासारखा लटकत असेल, किंवा काढून बाजूला ठेवावा लागत असेल, तर मी ते खेळणे घेत नाही.

मापाचाही हिशेब करावा. खरा ट्रक सुमारे 6.7 मीटर लांब होता, म्हणजे 1:32 प्रमाणात त्याचे खेळणे 21 सेंटिमीटरच्या आसपास भरले पाहिजे. त्याच प्रमाणात बीजिंगची बीजे 212 जीप जेमतेम 12 सेंटिमीटरची होईल. प्रत्यक्षात जीप आणि ट्रक एकाच उंचीचे रोबो व्हावेत म्हणून बहुतेक मालिकांत गाड्यांचे प्रमाण वेगवेगळे ठेवतात, आणि मग फळीवर जीप ट्रकच्या बरोबरीने उभी राहते. संग्रह गाड्यांच्या रूपात मांडणार की रोबोंच्या, हे आधी ठरवले नाही तर ही विसंगती पुढे रोज डोळ्यांत खुपते.

पुढच्या खरेदीसाठी गाड्यांची उणीव नाही. होंगछी, म्हणजे लाल निशाण, ही राज्यकर्त्यांची मोटार. तिच्या 1958 च्या सीए 72 नमुन्याची पुढची जाळी चिनी पंख्याच्या आकाराची आणि मागचे दिवे राजवाड्यातल्या कंदिलांसारखे होते. नंतरचा सीए 770 हा 1966 पासूनचा, तीन रांगांच्या आसनांचा आणि जवळजवळ 6 मीटर लांबीचा. खोक्यावर सीए 72 लिहिलेले असून जाळी पंख्यासारखी पसरत नसेल, तर खोक्यात काही वेगळेच आहे. या मोटारीचे रोबो मला फारसे आवडत नाहीत, कारण इतका लांब आणि गुळगुळीत काळा पत्रा लपवायला जागाच नसते आणि प्रत्येक सांधा त्यावर ओरखड्यासारखा उठून दिसतो. शांघाय एसएच 760 ही मोटार 1991 पर्यंत बनत होती; तिच्या बाबतीतही अडचण तीच. बीजे 212 जीप मात्र सपाट पत्र्यांची आणि चौकोनी असल्यामुळे रूपांतराला अगदी सोयीची आहे, आणि नवख्याने तिच्यापासून सुरुवात करावी असे मी सुचवीन. छांगज्यांग 750 ही साइडकारवाली मोटारसायकल सोव्हिएत एम 72 वरून आणि ती जर्मन बीएमडब्ल्यू आर 71 वरून उतरलेली, त्यामुळे तिच्या खेळण्यावर चिनी खूण आहे की नुसती जर्मन सैन्याची करडी छटा फासली आहे, हे पाहावे. लुओयांगच्या कारखान्यात 1958 पासून तयार झालेल्या चाकांऐवजी साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या दोंगफांगहोंग ट्रॅक्टरचा चांगला रोबो कोणी केला, तर रांगेत पहिला मी असेन. (आपल्या अॅम्बॅसेडरचा किंवा लाल एसटीचा असा रोबो कोणी का करत नाही, हा प्रश्न मला दर खरेदीच्या वेळी छळतो.)

आणण्याच्या वाटेविषयी थोडक्यात सांगतो. भारतात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. 1 जानेवारी 2021 पासून मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे, आणि परदेशातून ‘भेट’ म्हणून बिनशुल्क पाठवण्याची जुनी सवलतही डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. त्यामुळे कुरिअरने मागवण्याच्या फंदात न पडता मेहुण्यांनी पावतीसह स्वतःच्या सामानातून एखादे खेळणे आणणे हेच शहाणपणाचे. खोके चेपणार असेल तर चेपू द्यावे. आतला फोमचा साचा मात्र फेकू देऊ नये.

आता टिकण्याविषयी. माझे पहिले नुकसान डांबरगोळ्यांनी झाले. पावसाळ्याच्या तोंडावर घरातल्या कपाटात कपड्यांबरोबर या गोळ्या टाकतात, तशा मी खेळण्यांच्या खणातही चार टाकल्या. गणपतीत खण उघडला तेव्हा जीपचे पारदर्शक दिवे मोतीबिंदू झाल्यासारखे धुरकट झाले होते आणि एका दाराचा रंग बोटाला चिकटत होता. डांबरगोळीची वाफ काही प्रकारच्या प्लास्टिकला मऊ करते, हे मला नंतर कळले. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की त्या वाळवून घ्याव्यात. मऊ टायर टणक प्लास्टिकला महिनोन्महिने टेकून राहिले तर त्यांतले मऊपणा आणणारे द्रव्य झिरपून तेथे चिकट डाग पडतो, म्हणून ट्रक फळीवर ठेवताना चाकांखाली पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीचा तुकडा घालावा. थेट ऊन तर कोणत्याही खेळण्यावर पडू देऊ नये. पांढरे आणि फिक्या रंगाचे प्लास्टिक त्याने पिवळे पडते.

दुसरे नुकसान खांद्याच्या पिनेचे. ज्येफांगचा उजवा हात फार घट्ट होता. मी जोर लावला तेव्हा बाहीच्या कडेला नखाएवढा पांढरा चट्टा उमटला. प्लास्टिक ताणले जात असल्याची ती खूण असते आणि तेथेच थांबायला हवे होते. थांबण्याऐवजी मी पोलादी पीन ठोकून काढायला बसलो. या पिनेच्या एका टोकाला बारीक दाते कोरलेले असतात आणि ते प्लास्टिकमध्ये रुतून बसतात. ठोकायचे ते नेहमी गुळगुळीत टोकाकडून, म्हणजे दात्यांचे टोक आधी बाहेर पडते. मी उलट बाजूने ठोकले, दाते पूर्ण भोकातून खरवडत गेले आणि खांदा उभा चिरला. सांधा घट्ट असेल तर सिलिकॉन ग्रीसचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. शिवणयंत्राचे तेल किंवा खोबरेल लावू नये, कारण ताणाखालच्या प्लास्टिकला तेलाने तडे जातात. सांधा सैल असेल तर त्याच्या खोबणीत फिरणाऱ्या गोल टोकावर रंगहीन नेलपॉलिशचा एक पातळ थर देऊन, तो पूर्ण वाळल्यावरच जोड परत बसवावा.

तिसऱ्या खेळण्याची मोडतोड भाच्याने केली असे मी घरात सांगतो, पण बिजागरी उलटी फिरवली होती ती मीच. सूचनापत्रकातील चित्रे लहान असतात, म्हणून पहिल्या रूपांतराच्या वेळी प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. रोबो परत ट्रक करताना त्याचा खरा उपयोग होतो.

आपण पाठवलेल्या फोटोंत रोबोची पाठ दिसत नाही. मेहुण्यांना पाठीचा, नाकावरच्या अक्षरांचा आणि हौद्याच्या खालच्या बाजूचा असे तीन फोटो घ्यायला सांगा. ते इथे टाकलेत की घ्यावे की नाही ते मी नक्की सांगेन.