फरी, चेतनगुणोक्ती आणि सोंग

प्रश्न असा आलाय की माणसासारखे बोलणारे, कपडे घालून हिंडणारे प्राणी आणि त्यांचे जे चाहते स्वतःला 'फरी' म्हणवतात, त्यांना मराठीत काय म्हणायचं, चेतनगुणोक्ती चालेल का.

नाही चालणार. शाळेतलं व्याकरण आठवा, चेतनगुणोक्ती म्हणजे निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण चिकटवणं, आणि कोल्हा कधीपासून निर्जीव झाला? मानवीकरण त्यातल्या त्यात बरं, पण ते क्रियेचं नाव. पंचतंत्रातले करटक-दमनक राजकारण करतात त्याला म्हणा खुशाल मानवीकरण, पण तिकडे अमेरिकेत जो चाहता शेपूट लावून हॉटेलच्या लिफ्टमध्ये उभाय त्याला काय 'मानवीकरणी' म्हणणार? त्याचं तर उलटंच चाललंय. (त्यांच्यात फॉक्स फार लाडका, आपण त्याला सरसकट कोल्हा म्हणून मोकळे होतो, खरं तर कोल्हा म्हणजे जॅकल आणि फॉक्स म्हणजे खोकड.)

मुळात फरी हा शब्द पात्रालाही लावतात आणि चाहत्यालाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या सायन्स फिक्शनवाल्यांच्या संमेलनांतून हा कंपू वेगळा झाला, १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला त्यांचं स्वतःचं संमेलन भरलं, आणि २००६ पासून पिट्सबर्गला अँथ्रोकॉन हे त्यांचं संमेलन भरतं. बहुतेकांचं स्वतःसाठी रचलेलं एक प्राणीपात्र असतं, ते फरसोना. म्हणजे फरी अधिक पर्सोना, फरसाणाशी संबंध नाही.

फरसूटला, म्हणजे अंगावर चढवायच्या प्राण्याच्या पोशाखाला, मात्र आपल्याकडे शब्द तयार आहे, सोंग. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात मुखवटे चढवून सोंगंच नाचवतात की. फरसूटचं मुंडकं बहुतेकदा फोमचं, वरून खोटी फर, आत माणूस घामाने निथळत असतो, म्हणून संमेलनात पंखे आणि पाणी ठेवलेली एक वेगळी खोली असते, मुंडकं तिथे जाऊन उतरवायचं, चारचौघांत शक्यतो नाही. पूर्ण सूटला काही हजार डॉलर सहज लागतात, त्यामुळे बऱ्याच जणांकडे तो नसतोच, कुणी नुसती शेपूट लावतं, कुणी नुसती चित्रं काढतं. पैशाचं सोंग आणता येत नाही ते इथेही खरंच! त्यामुळे सगळ्यांनाच सोंगाडे म्हणणं चूक, शिवाय ते ऐकलं की तमाशातला सोंगाड्याच डोळ्यासमोर येतो, आणि 'सोंग करतोय' यात ढोंगाचाही वास आहेच, तो टोमणा त्यांना तसाही पुष्कळ ऐकायला लागतो.

माझं मत, सूटला सोंग म्हणा आणि माणसाला फरीच राहू द्या. तो फरी, ती फरी, अनेकवचन फरीच, सामान्यरूप फरींचं, फरींना, अगदी 'हत्ती' या शब्दासारखं चालतं. अडचण एकच, मराठीत फरी आधीपासून आहे, फरी-गदगा या मर्दानी खेळातली छोटी ढाल. पण ती हातात धरायची वस्तू, वाक्यात गोंधळ व्हायचा म्हटलं तरी होणार नाही, फार तर एखाद्या फरीने मर्दानी खेळ शिकायला घेतले तर बघू.