मधुमेह आणि हाडांची घनता : अहवालावर ‘नॉर्मल’ लिहिले म्हणून थांबू नका

हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल मधुमेही वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रे आली. बहुतेकांनी सोबत अहवालही पाठवले, ते फार बरे झाले. आकडे समोर असले की नेमके बोलता येते. त्यातले पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आईचे वय 68, टाइप 2 मधुमेह 18 वर्षांपासून. बाथरूममध्ये पाय घसरला, हातावर पडली आणि मनगट मोडले. नंतर डेक्सा स्कॅन (हाडांच्या घनतेची एक्स-रे तपासणी) केला. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना) +0.6, मांडीच्या हाडाच्या मानेचा −1.9, संपूर्ण खुब्याचा −1.4. ‘मणके उत्तम आहेत, काळजी नको’ असे सांगितले. मग एवढ्याशा पडण्याने हाड मोडलेच कसे?

तुमची शंका अगदी रास्त आहे. मणक्यांचा तो +0.6 आधी बाजूला ठेवा.

डेक्सा यंत्र हाडाची सपाट सावली मोजते. एका चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम खनिज आहे, एवढेच त्याला कळते. त्या सावलीत जे जे चुनखडीसारखे कठीण असेल, ते सगळे ‘हाड’ म्हणून मोजले जाते. साठीनंतर मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे वाढतात, मागचे सांधे जाड होतात, पोटातल्या महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठते. दीर्घकाळ मधुमेह असणाऱ्यांत हे अधिक दिसते. एखादा मणका दबून चपटा झाला असेल, तर तेवढेच खनिज कमी जागेत मावते आणि आकडा उलट वाढतो. म्हणजे मोडलेला मणका कागदावर मजबूत दिसतो.

तुम्ही पाठवलेल्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर मणक्यांचे वेगवेगळे आकडे आहेत : एल-1 ला −0.6, एल-2 ला −0.3, एल-3 ला +1.5, एल-4 ला +1.3. शेजारच्या मणक्यापेक्षा टी-स्कोअर 1 हून अधिक वेगळा असेल आणि चित्रातही बिघाड दिसत असेल, तर तो मणका हिशेबातून वगळायचा असतो. येथे खालचे दोन्ही मणके (एल-3 आणि एल-4) संशयास्पद आहेत. उरलेल्या दोनांचा आकडा शून्याच्या खाली जातो. निदानासाठी किमान दोन मणके लागतात; तेवढेही चांगले नसतील तर मणके सोडून खुबा आणि मनगट यांवर विसंबावे. निदान नेहमी सर्वांत खालच्या आकड्यावरून करायचे, आणि तुमच्या आईच्या बाबतीत तो −1.9 आहे.

आता मधुमेहाचा भाग. टाइप 2 मध्ये घनता बहुधा सामान्य किंवा थोडी जास्तच असते, कारण वजन जास्त असते आणि हाड त्या भाराला सरावलेले असते. बिघाड असतो तो हाडाच्या गुणवत्तेत. रक्तातली जादा साखर हाडातल्या कोलॅजेनला चिकटते, त्याचे धागे एकमेकांत नको तसे जखडले जातात आणि लवचीकपणा जातो. जुने हाड खरवडून नवे भरण्याचे कामही मंदावते, त्यामुळे बारीक चिरा दुरुस्त न होता साठत राहतात. काही रुग्णांत हाडाच्या बाहेरच्या कठीण कवचाला छिद्रेही पडतात. यातले काहीच डेक्साच्या सावलीत उमटत नाही.

म्हणूनच एकाच टी-स्कोअरला मधुमेही व्यक्तीचे हाड मोडण्याचा धोका मधुमेह नसलेल्या व्यक्तीपेक्षा जास्त असतो. टाइप 2 असेल तर खुब्याच्या आकड्यातून साधारण 0.5 वजा करून तो वाचावा. तुमच्या आईचा −1.9 मग −2.4 च्या जवळ जातो. ऑस्टिओपोरोसिसची (हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराची) जागतिक आरोग्य संघटनेची रेघ −2.5 वर आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मधुमेही ज्येष्ठांसाठी औषधाचा विचार −2.0 पासूनच करावा, आणि किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल तरीही करावा, असे म्हटले आहे. तुमच्या आईचे मनगट तसेच मोडले आहे. तेव्हा औषधाबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोला, पुढच्या स्कॅनची वाट पाहू नका.

जाताना तीन गोष्टी विचारा. पहिली, मणक्यांचा बाजूने एक्स-रे किंवा डेक्सावरच होणारी मणक्यांच्या फ्रॅक्चरची तपासणी. तरुणपणाच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटरहून जास्त उंची घटली असेल तर ही फार गरजेची आहे, कारण दबलेले मणके बरेचदा दुखतही नाहीत. दुसरी, टीबीएस (ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर). मणक्यांच्या त्याच चित्रातून सॉफ्टवेअर आतल्या जाळीची वीण मोजते, वेगळा स्कॅन लागत नाही. 1.31 च्या वर चांगले, 1.23 च्या खाली खराब. पोटाचा घेर फार मोठा असेल तर हा आकडा चुकतो. तिसरी, फ्रॅक्स, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका काढण्याचे गणित. 2008 मध्ये आलेल्या या गणकयंत्रात भारतासाठी वेगळी आवृत्ती आहे; पण मूळ प्रश्नावलीत टाइप 2 साठी रकानाच नाही. म्हणून अनेक तज्ज्ञ त्याऐवजी ‘संधिवात (रुमॅटॉइड)’ हा रकाना भरतात, म्हणजे धोका वास्तवाच्या जवळ येतो. हे करताना डॉक्टरांनी अहवालावर तशी नोंद करावी, नाहीतर पुढच्या डॉक्टरांना आईला खरोखरच संधिवात आहे असे वाटेल.

आणि मनगट का मोडले? हाडापेक्षा पडणे आधी येते. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा, अधू दृष्टी, पहाटे साखर एकदम उतरणे, उभे राहताना रक्तदाब घसरणे, यांतले काय होते ते शोधा.

प्रश्न : मुलगा 24 वर्षांचा, नवव्या वर्षापासून टाइप 1, इन्सुलिन चालू. अहवालात टी-स्कोअर −1.8 आणि ‘ऑस्टिओपेनिया’ (हाडांची घनता थोडी कमी) लिहिले आहे. औषध सुरू करायचे का?

फक्त या आकड्यावरून नाही. पन्नाशीच्या आतले पुरुष आणि पाळी चालू असलेल्या स्त्रिया यांना टी-स्कोअर लावायचाच नसतो. त्यांचा झेड-स्कोअर बघायचा. तो आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना करतो. झेड −2.0 किंवा त्याखाली असेल तर ‘वयाच्या मानाने कमी’ म्हणायचे. अहवालात झेड-स्कोअर छापलेला असतो, बहुधा शेवटच्या रकान्यात.

मात्र निर्धास्तही राहू नका. वाढीच्या वयात इन्सुलिनची कमतरता असली की हाडांचा साठा पुरता भरत नाही, आणि टाइप 1 मध्ये पुढे खुबा मोडण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मुलाची उंची कमी असेल तर ते डॉक्टरांना सांगा. लहान हाडांची सावली पातळ पडते आणि आकडा उगाच खाली येतो. तुलना कोणत्या लोकांशी केली आहे, हेही अहवालात पाहा. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2010 मध्ये भारतीयांसाठी संदर्भ-आकडे प्रसिद्ध केले आहेत, पण बरीच यंत्रे परदेशी संदर्भच वापरतात. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि सीलिएकची रक्ततपासणी (टीटीजी) करून घ्या. सीलिएक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजार. टाइप 1 सोबत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो; त्यात कॅल्शियम नीट शोषले जात नाही.

प्रश्न : तपासणीला उपाशी जायचे का? मला इन्सुलिन पंप आणि दंडावर सेन्सर आहे.

उपाशी मुळीच जाऊ नका. नेहमीसारखे खा, नेहमीचे औषध घ्या. कॅल्शियमची गोळी मात्र आदल्या 24 तासांत घेऊ नका. न विरघळलेली गोळी आतड्यात मणक्यासमोर आली तर तीही हाड म्हणून मोजली जाते. बेरियमची तपासणी, रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन किंवा आयसोटोपची तपासणी झाली असेल तर दोन आठवडे थांबा.

पंप एक्स-रेच्या खोलीत नेऊ नये, असे बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात असते. तो सोडवून बाहेर ठेवा. तपासणी 15 ते 20 मिनिटांत होते, तेवढा वेळ चालतो. पोटावरची सुई धातूची असेल तर तंत्रज्ञांना आधी सांगा. सेन्सर काढावा लागणार असेल, तर तो बदलण्याच्या दिवशीचीच वेळ घ्या, म्हणजे एक सेन्सर वाया जात नाही. तपासणीच्या टेबलावर आडवे होण्यापूर्वी बोटाची साखर बघून घ्या.

कमरेभोवती आणि मांड्यांवर धातू नको : करदोडा, पट्टा, चेन, हूक, निऱ्यांची पिन, खिशातली नाणी. लांब मंगळसूत्र वर सरकवले की पुरे. जोडवी काढायची गरज नाही. बांगड्या फक्त मनगटाची तपासणी असेल तरच काढाव्या लागतात. खुब्याच्या वेळी पाय आत वळवून पट्ट्याने बांधतात. तो सैल राहिला तर मांडीच्या मानेचा आकडा चुकतो, म्हणून हलू नका. किरणांचा डोस एक-दोन दिवसांत निसर्गातून मिळतो तेवढाच असतो. तरीही गर्भारपणात ही तपासणी करत नाहीत.

प्रश्न : शिबिरात टाचेवर यंत्र लावून −1.1 सांगितले. डेक्साची गरज उरते का?

उरते. टाचेचे यंत्र ध्वनिलहरींवर चालते आणि त्याच्या आकड्याला −2.5 ची रेघ लावता येत नाही. मधुमेहात तर टाचेची कातडी जाड होते, पायावर सूज असते, त्याने मोजमाप आणखी बिघडते. पायाला जखम किंवा भेग असेल तर सगळ्यांच्या टाचा ज्यात ठेवल्या, त्या यंत्रात पाय घालूच नका. वय 65 च्या पुढे असेल, किंवा त्याआधीही बरीच जोखीम असेल (हाड मोडल्याचा इतिहास, स्टेरॉइड, लवकर पाळी जाणे, वारंवार साखर उतरणे), तर खुबा आणि मणक्यांचा डेक्सा करावा आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा.

प्रश्न : गेल्या वर्षी खुब्याची घनता 0.812 होती, यंदा दुसऱ्या केंद्रात 0.784. हाडे झपाट्याने झिजताहेत का? वर्षभरात इंजेक्शनवर 9 किलो वजन उतरले आहे.

घट साडेतीन टक्क्यांच्या आत आहे. संपूर्ण खुब्यात साधारण 5 टक्क्यांहून कमी फरक हा मोजमापाचाच असू शकतो. आणि तोही एकाच यंत्रावर. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पुढच्या वेळी पहिल्याच केंद्रात जा आणि ‘लीस्ट सिग्निफिकंट चेंज’ (खरा मानता येईल असा किमान फरक) किती आहे ते विचारा. चांगल्या केंद्राला तो आकडा माहीत असतो.

वजन झपाट्याने उतरले की हाडही थोडे उतरते, म्हणून प्रथिने आणि स्नायूंचे व्यायाम सोडू नका. गोळ्यांच्या पाकिटावर पायोग्लिटाझोन आहे का, तेही बघा. तीन औषधांच्या एकत्र गोळीत ते सहज लपते, आणि स्त्रियांमध्ये त्याने फ्रॅक्चर वाढतात. असल्यास स्वतः बंद न करता डॉक्टरांना पर्याय विचारा. सोबत क्रिएटिनिनचा ताजा अहवाल न्या. मूत्रपिंडाचे काम फार कमी झाले असेल तर हाडांच्या नेहमीच्या गोळ्या देता येत नाहीत.