तुटलेली रिकीब आणि टिम ब्रुकशॉ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. खांदा दुखत असूनही तू डॉक्टरांना त्याचा पत्ता लागू दिला नाहीस आणि त्याच्या समर्थनार्थ जुना इंग्लिश जॉकी टिम ब्रुकशॉचा दाखला दिलास, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. पुण्या-मुंबईच्या मैदानांवर सपाट शर्यती होत असल्याने अडथळ्यांच्या शर्यतींतील जुन्या जॉकींची नावे आपल्या कानांवर क्वचितच पडतात. तुझ्या कानांवर हे नाव पडले याचा मला आनंद वाटतो. परंतु त्याची हकिगत तुझ्यापर्यंत अर्धीच पोहोचली आहे.

ब्रुकशॉ इंग्लंडमधील श्रॉपशरचा. 1958-59 च्या मोसमात 83 शर्यती जिंकून तो तिथल्या अडथळ्यांच्या शर्यतींत अव्वल ठरला, तरी त्याच काळातील नामवंत जॉकी फ्रेड विंटरचे नाव जसे आजही घेतले जाते तसे त्याचे घेतले जात नाही. त्याच मोसमातील, म्हणजे 1959 च्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या प्रसिद्ध शर्यतीत, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) नावाच्या मैदानावर तो वाइंडबर्ग या घोड्यावर होता. बीचर्स ब्रूक या कुंपणापलीकडची जमीन त्या काळी अलीकडच्या जमिनीपेक्षा बरीच खोल असल्याने तेथे उतरताना स्वाराला जबर हिसका बसे, आणि दुसऱ्या फेरीत नेमकी तेथेच त्याची एक रिकीब, म्हणजे खोगिराची पाय ठेवायची कडी, तुटली. पुढे आठ कुंपणे बाकी होती. त्याने तत्काळ दुसऱ्या रिकिबीतूनही पाय काढून घेतला, कारण एक पाय टेकलेला आणि दुसरा लोंबकळता राहिला असता तर प्रत्येक उडीला त्याचे वजन एका बाजूला कलून घोड्याचा तोल गेला असता. मग केवळ मांडीच्या पकडीवर त्याने उरलेली सगळी कुंपणे पार केली. शेवटच्या कुंपणावर पुढे असलेला ऑक्सो हा घोडा अडखळला, त्याचा जॉकी मायकेल स्कुडामोर कसाबसा त्याच्या पाठीवर टिकला, आणि वाइंडबर्ग अवघ्या दीड घोड्याच्या लांबीने मागे राहून दुसरा आला. 34 घोड्यांपैकी शर्यत पुरी करणारे चारच होते.

या प्रसंगाला तू धाडस म्हणतोस. मला त्यात वर्षानुवर्षांच्या सरावाने पक्की झालेली मांड दिसते आणि घोड्याचा विचार आधी करणारी बुद्धी दिसते. दुखरा खांदा लपवून घोळक्यात शिरणारा स्वार याच्या अगदी उलट वागतो. ऐन वेळी लगाम खेचता आला नाही, तर त्याच्याबरोबर त्याचा घोडा आणि शेजारचा स्वारही संकटात सापडतो.

आता उरलेली अर्धी हकिगत ऐक. डिसेंबर 1963 मध्ये त्याच एन्ट्री मैदानावर, एका साध्या हर्डल (ठेंगण्या अडथळ्यांच्या) शर्यतीत, ब्रुकशॉ पडला आणि त्याचा कणा मोडला. काही महिन्यांनी, 1964 च्या ग्रँड नॅशनलमध्ये, चार मुलांचा बाप असलेला पॅडी फॅरेल पडला आणि त्याचीही तीच गत झाली. जायबंदी जॉकीला त्या काळी मिळणारी भरपाई अगदी तुटपुंजी होती. या दोघांसाठी म्हणून 1964 मध्ये जो निधी उभारला गेला, त्यातूनच इंज्युअर्ड जॉकीज फंड ही संस्था वाढली. लॅम्बर्नचे ओक्सी हाउस हे जायबंदी जॉकींचे पुनर्वसन केंद्र तिचेच. ब्रुकशॉ पुढे पुन्हा घोड्यावर बसला आणि त्याने घोडे तयारही केले. पण ज्याचा दाखला तू दुखणे लपवण्यासाठी देतोस, त्याच्याच दुखापतीमुळे तिथल्या जॉकींना हक्काचा आधार मिळाला, ही गोष्ट माझ्या दृष्टीने त्या आठ कुंपणांहून मोठी आहे.

तेव्हा उद्या सकाळच्या सरावाला उभे राहण्यापूर्वी डॉक्टरांना खांदा दाखव आणि किती दिवसांपासून दुखतो तेही खरे सांग. एखादी राइड जाईल, ट्रेनर चार दिवस नाराज राहील, राहू दे. तुझा विमा कोणी उतरवला आहे, त्यात सरावातील अपघात धरला आहे की फक्त शर्यतीतला, आणि काम बंद राहिल्यास घरी किती पैसे येतील, हे लेखी मागून घे आणि त्या कागदाची एक प्रत आईजवळ ठेव. डॉक्टर काय म्हणाले ते मला लगेच कळव.

तुझा,
काका