फुप्फुसाची शस्त्रक्रिया आणि पाठीतला ‘ब्लॉक’

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय 63) उजव्या फुप्फुसाचा एक भाग काढायचा आहे. पूर्ण भूल देणारच आहेत, तरी भूलतज्ज्ञ पाठीत ‘ब्लॉक’ही द्यायचा म्हणतात. पाठीत सुई घेतली की कंबरदुखी जन्माची मागे लागते, असे शेजारी सांगतात. वडिलांना क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ब्लॉक घ्यावा का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : घ्यावा, मात्र गोळीचा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

छाती उघडताना दोन बरगड्या फाकवाव्या लागतात, बरगडीच्या खालच्या कडेने जाणारी नस त्यात दबते आणि नंतर छातीत ठेवलेली नळी प्रत्येक श्वासाला टोचत राहते. भूल उतरल्यावर रुग्ण या दुखण्यापायी खोकला दाबतो, श्वास वरवर घेतो, कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. मॉर्फिनने वेदना कमी होते खरी, पण मात्रा वाढली की गुंगी येते आणि श्वासही मंदावतो. ब्लॉकमध्ये रोपिवाकेनसारखे बधिर करणारे औषध थेट त्या नसांच्या वाटेवर सोडतात. एका इंजेक्शनचा परिणाम काही तासच टिकतो, म्हणून बरेचदा तिथे केसासारखी बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवतात.

एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडणे, ही यातली जुनी, खात्रीची पद्धत. मात्र तिने रक्तदाब उतरू शकतो आणि लघवी अडू शकते. मणक्याच्या बाजूला देतात त्या पॅराव्हर्टेब्रल ब्लॉकने शस्त्रक्रियेच्या बाजूच्याच नसा बधिर होतात. क्लोपिडोग्रेल चालू असताना या दोन्हींत खोलवर रक्तस्राव होण्याची भीती असते, आणि एपिड्युरलमध्ये साकळलेले रक्त मज्जारज्जूवर दाब आणू शकते. म्हणून गोळी साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवतात. ती स्वतःहून कदापि थांबवू नका. हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांचाच शब्द अखेरचा. 2016 मध्ये प्रथम वर्णन झालेल्या इरेक्टर स्पायनी ब्लॉकमध्ये सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत औषध पाठीच्या स्नायूखाली सोडतात. तिथून मज्जारज्जू दूर असल्याने हा धोका कमी असतो. भूलतज्ज्ञांना त्याविषयी अवश्य विचारा.

शेजाऱ्यांच्या कंबरेविषयी मी काय बोलणार? ही सुई खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर टोचतात. ती जागा दोन-चार दिवस हुळहुळते, इतकेच. मात्र ओठांभोवती मुंग्या आल्या, तोंडाला धातूची चव आली किंवा कानांत गुणगुणू लागले, तर परिचारिकेला तत्काळ सांगावे, कारण औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असते.

‘दहापैकी किती दुखते?’ असे विचारल्यावर वडिलांनी पडल्या पडल्या आकडा सांगू नये. छातीशी उशी धरून एकदा खोकावे आणि मगच सांगावा.